पिवळ्या रेघेच्या अलीकडे

योवानाने पीच फेकला तो लागावा म्हणून नव्हे. त्या माणसाने एकदा वर पाहावं, एवढंच तिला हवं होतं. पण नको असतो तेव्हा नेम बरोबर बसतो. पीच त्याच्या वेल्डिंगच्या मुखवट्यावर, अगदी कपाळाच्या जागी आदळला आणि फुटला. काळ्या काचेवरून रस ओघळला.

निळा लोळ विझला. माणसाने मुखवटा वर सरकवला. कपाळावर घाम, भुवया अर्ध्या जळलेल्या. चेहऱ्यावर राग नव्हता, नवल होतं.

"तीन हाका मारल्या मी," ती रस्त्याच्या पलीकडून म्हणाली. "तुम्हाला ऐकू येत नाही."

"याच्या आत नाही येत." त्याने मुखवट्यावर टिचकी मारली आणि बोटाला लागलेला रस चाखून पाहिला. "गोड आहे. कसे दिले, कासेरा?"

पुनाता गावच्या बाजारात विकणारी ती कासेरा, आणि नेहमी तिच्याकडूनच घेणारी तीही कासेराच. दोघींचं एकमेकींवाचून चालत नाही, म्हणून शब्द एकच. या रस्त्यावर नुकतंच शेड टाकलेला हा माणूस तर तिला पहिल्यांदा पाहत होता.

"विकायचे नाहीत. यंत्र बंद करा. मला जायचंय."

"रस्ता तर मोकळा आहे."

"यंत्र बंद करा."

या वेळी त्याचं लक्ष तिच्या उजव्या हाताकडे गेलं. डाव्या खांद्याच्या खाली तो हात तिने घट्ट दाबून धरला होता. त्याने वाकून खटका खाली केला. यंत्राची घरघर थांबली.

योवाना समोरच्या भिंतीला लागून भरभर, पण न धावता निघून गेली. धावणं तिने दोन वर्षांपूर्वीच सोडलं होतं. कोपऱ्यावर वळल्यावर तिच्या लक्षात आलं की उजवा हात अजून छातीवर दाबलेलाच आहे. आणि हेही लक्षात आलं की आपल्याला हसू येतंय. दोन्हींपैकी कशाची काळजी करावी, हे तिला ठरवता येईना.

तिच्या छातीत, कातडीच्या खाली, काड्यापेटीएवढं एक यंत्र होतं. कारण जुनं. मातीच्या भिंतींच्या भेगांत विंचुका नावाचा किडा राहतो. तो तिला लहानपणी चावला होता, जसा त्या खोऱ्यात पुष्कळांना चावतो. तो रक्तात जे सोडून जातो ते वीस-पंचवीस वर्षं गप्प बसतं आणि मग हृदय पोखरायला लागतं. योवानाचं हृदय एकोणतिसाव्या वर्षी अडखळू लागलं, तेव्हा कोचाबांबाच्या डॉक्टरांनी हे यंत्र बसवलं. हृदय भलत्याच तालात उधळलं, तर यंत्र आतून झटका देतं आणि त्याला जागेवर आणतं.

झटका एकदाच बसला होता. मामेबहीण लूर्देसच्या लग्नात, क्वेका नाचताना.

क्वेका हा रुमालांचा नाच. दोघं समोरासमोर येतात, एकमेकांभोवती फिरतात, रुमाल फिरवतात, जवळ येऊन निसटतात. स्पर्श मात्र कुठेच नाही. पहिली फेरी संपली की वादक क्षणभर थांबतात आणि जमलेली सगळी माणसं ओरडतात, "पहिलीला दुसरी हवीच!" मग तीच चाल पुन्हा, तेच दोघं पुन्हा. पहिली नाचून दुसरी सोडणं म्हणजे अर्ध्या जेवणातून उठून जाणं. त्या दिवशी योवानाची पहिली संपत आली होती. छातीत आतून घोड्याने लाथ मारावी तसं झालं आणि ती अंगणात कोसळली. मागे उभ्या असलेल्यांना काहीच कळलं नव्हतं. ती जमिनीवर पडलेली असताना त्यांनी नेहमीसारखं ओरडून घेतलं... पहिलीला दुसरी हवीच.

डॉक्टरांनी सांगितलं की हे नाचामुळे झालेलं नाही. लग्नाच्या गडबडीत तिच्या तीन दिवसांच्या गोळ्या चुकल्या होत्या. यंत्र होतं म्हणून ती वाचली. योवानाला ते पटलं. तिच्या शरीराला पटलं नाही. शरीर दुसऱ्या झटक्याची वाट बघत बसलं.

दोन वर्षांत तिने एकेक गोष्ट सोडली. धावणं सोडलं, जिने सोडले. ती पोयेरा शिवायची, म्हणजे खोऱ्यातल्या बायका नेसतात ते चुण्याचुण्यांचे घेरदार परकर. त्यासाठीचं विजेचं मशीन तिने झाकून ठेवलं आणि आजीचं पायाचं मशीन बाहेर काढलं. माणसांना हात लावणं सोडलं, कारण नेमका तेव्हाच झटका बसला तर? लूर्देसला मुलगी झाली, ती योवानाने फक्त पाळण्यात पाहिली. स्वतःचं ठरलेलं लग्न तिने स्वतःच मोडलं. होणारा नवरा आठवडाभर भांडला आणि मग सुटल्यासारखा दिसला. भांडल्याचं तिला काही वाटलं नाही. सुटल्यासारखा दिसला ते लागलं.

आणि घर. तिची आई, दोन्या सेवेरिना, रस्त्याच्या टोकाला चिचा ही मक्याची दारू विकायची. ताजी चिचा तयार झाली की दारावर पांढरं निशाण लागे, पण तिला निशाणाची गरज नव्हती. तिची हाक चौकापर्यंत ऐकू जायची. त्या लग्नानंतर ती बाई कुजबुजायला लागली. घरात भांडी हळू ठेवली जाऊ लागली. योवानासमोर कोणी भांडेना, कोणी विनोदही करेना. मावशी वारल्याची बातमी तिला चार दिवसांनी कळली, तीही बाजारात, कांदे घेताना.

आईला जेवण द्यायला ती रोज साडेअकराला त्या रस्त्याने जायची. पीचच्या दुसऱ्या दिवशी ती कोपऱ्यावर आली आणि घरघर थांबली. तिसऱ्या दिवशीही तसंच. चौथ्या दिवशी खातरजमा करावी म्हणून ती कोपऱ्याच्या अलीकडेच दहा मिनिटं उभी राहिली. यंत्र बंदच होतं. एक गिऱ्हाईक वेल्डरवर वैतागलं होतं, की फाटक अर्धं टाकून हाताची घडी घालून काय उभा राहिलास.

"कासेरा यायची आहे," तो शांतपणे म्हणाला.

पाचव्या दिवशी योवाना रस्त्याच्या मधोमध थांबली आणि तिने सांगून टाकलं. छातीत यंत्र आहे, हृदयाचं. वेल्डिंगजवळ गेलं तर त्याचा गोंधळ उडू शकतो. दोन मीटर लांब राहावं लागतं. हे सगळं ती रस्त्याकडे बघत बोलली. वर पाहिलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर काय दिसतं ते तिला पाठ होतं.

"किती अँपिअरचं?" त्याने विचारलं.

"काय?"

"तुमचं यंत्र. माझं एकशेवीसचं आहे. शेजारी राहायचं तर ओळख असलेली बरी."

दोन वर्षांत तिच्या यंत्रावर कोणी विनोद केला नव्हता. ती म्हणाली, "विचारून सांगते."

"सांगा. मी एलिसेओ. एलिसेओ क्लारोस. यंत्राचं नाव ठेवलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी जमिनीवर पिवळी रेघ होती. शाळेच्या फाटकाचा रंग उरला होता, तो त्याने वापरला होता. त्याचं शेड लहान, मोठी कामं बाहेर फुटपाथवरच चालायची. तिथून टेपने मोजून बरोबर दोन मीटरवर रेघ, थेट रस्त्यात उतरलेली. रेघेच्या पलीकडे एक स्टूल.

"स्टूल कोणासाठी?"

"रेघ सरळ आली का, हे बघायला कोणी येईल त्याच्यासाठी."

योवाना बसली नाही. पण रेघ सरळ आहे हे तिने कबूल केलं.

बसायला लावलं ते पावसाने. फेब्रुवारीचा पाऊस त्या खोऱ्यात दुपारच्या आधी येतो, डोंगरावरून खाली उतरतो आणि तासाभरात निघून जातो. पावसात बाहेर वेल्डिंग करता येत नाही. यंत्र बंद, वर ताडपत्री बांधलेली, आणि स्टूल ताडपत्रीच्या कडेला, कोरडं. योवाना आईला जेवण देऊन परतताना अडकायची. आधी उभ्याने अडकली, मग बसून. मग शिवणाची पिशवीच बरोबर आणू लागली. लग्नसराईसाठी क्वेकाचे रुमाल लागत, त्यांच्या कडा ती तिथे बसून दुमडायची. एलिसेओ कानशीने लोखंड घासत बसायचा. पावसाचा आवाज वर, कानशीचा खाली. मधेच एखादी नजर वर यायची आणि पुन्हा कामाला लागायची.

"भुवया कोण कापतं तुमच्या?" तिने एकदा विचारलं.

"विस्तव. आवडल्या का?"

"एक जास्त कापलीय."

"मग त्याला सांगतो, पुढच्या वेळी कासेराला विचारून काप."

त्याने सांगितलं की तो खिडक्यांच्या चौकटी करतो, विटांच्या नव्या घरांसाठी, जिथे विंचुकाला शिरायला भेग नसते. आपल्याही रक्तात तो किडा सोडून गेलाय, तपासणीत निघालंय, हेही त्याने सांगितलं, खिडकीचं माप सांगावं तसं. हृदय अजून ठीक आहे. पुढचं पुढे.

योवानाला एक गोष्ट उशिरा जाणवली. आभाळ भरून आलं की तिला बरं वाटू लागलं होतं.

एप्रिलमध्ये पाऊस संपला. यंत्र दिवसभर चालू राहू लागलं. फक्त साडेअकरा ते बारा ते बंद असायचं. त्या वेळात एलिसेओ रंगाची नाहीतर घासायची कामं काढायचा. गिऱ्हाइकांना सवय झाली. शेजारच्या बायका तर त्यावर चूल सांभाळू लागल्या. वेल्डरचं यंत्र थांबलं, बटाटे उतरवा.

जूनमधल्या एका मंगळवारी, जेवणानंतरच्या सुस्त वेळेला, योवाना पायाच्या मशीनवर बसलेली असताना तिला छातीत तीच लाथ बसली.

ती जमिनीवर बसली. हातातलं कापड तसंच. श्वास चालू होता. आईने डोक्यावर शाल घेतली आणि तिला घेऊन कोचाबांबाच्या गाडीत बसली. तासाभराच्या वाटेत योवानाच्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, आणि ते चालीवर होतं, टाळ्यांसकट.

इस्पितळात सिस्टर मिर्था यंत्रं तपासायची. तिने योवानाच्या छातीवर चकती ठेवली, पडद्यावर पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"काही झालेलं नाही," ती म्हणाली. "आज नाही, काल नाही. शेवटचा झटका त्या लग्नातलाच."

"मला बसला, सिस्टर."

"बसला असेल. यंत्राने दिलेला नाही."

मग सिस्टरने खुर्ची जवळ ओढली. ज्यांना एकदा झटका बसलाय, त्यांतल्या बऱ्याच जणांना असं होतं, म्हणाली. शरीर इतकं वाट बघतं की शेवटी स्वतःच झटका देऊन मोकळं होतं. यात वेड नाही आणि खोटेपणाही नाही. याबद्दल कोणाशी तरी बोलत जा. दर महिन्याला इथे अशा माणसांची बैठक असते, तिला ये. योवानाने मान हलवली. तिला लाज वाटत होती. खरा झटका असता तर बरं झालं असतं, असंही क्षणभर वाटलं.

चकती पुसून ठेवताना सिस्टरने सहज विचारलं, "आणि तो दोन फुटांचा माणूस काय म्हणतो?"

"कोण?"

"मार्चमध्ये पुनाताहून फोन आला होता. वेल्डर होता. नाव विचारलं तर म्हणाला, माझी एक कासेरा आहे, तिच्या छातीत यंत्र आहे, ती किती लांब बसली पाहिजे? पुनाताहून येणारी तू एकटीच, म्हणून समजलं. मी सांगितलं, एकशेवीसचं यंत्र असेल आणि ती नुसती बघत बसणार असेल, तर ठिणगीपासून आणि तारांपासून दोन फूट पुरे. त्याने तीनदा विचारलं, नक्की दोन फूट? मग लिहून घेतलं."

परतीच्या वाटेत योवाना झटका विसरली. दोन फूट. माणसाला मार्चपासून माहीत आहे, आणि रेघ अजून दोन मीटरवर.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला ती स्टुलावर बसली आणि आधी कठीण ते सांगितलं. लाथ बसली, आणि यंत्र म्हणतं बसलीच नाही.

"म्हणजे माझं डोकं खोटं बोलतंय," ती म्हणाली. "दोन वर्षं छातीला भीत होते. आता डोक्यालाही भ्यायचं."

एलिसेओने रंगाचा ब्रश डब्यावर आडवा ठेवला. "मुखवटा न घालता वेल्डिंगकडे पाहिलं ना, तर संध्याकाळी डोळ्यांत वाळू जाते. मूठभर. डोळा उघडवत नाही. पहिल्यांदा झालं तेव्हा मी आईला म्हटलं, वाळू काढ. तिने दिवा धरून पाहिलं. एक कण नव्हता. मी तिच्यावर ओरडलो, नीट बघ म्हणून."

"मग?"

"मग काय. वाळू नव्हती. पण डोळे खरेच दुखत होते." त्याने जळक्या भुवईवरून बोट फिरवलं. "आम्ही वेल्डर लोक अजून वाळूच म्हणतो. वाळू गेलीय म्हटलं की सगळ्यांना कळतं. कोणी म्हणत नाही, खोटं बोलतोस."

योवानाने हातातल्या रुमालाची कड दुमडून संपवली. मग तो पिशवीत ठेवून तिने पुढचा प्रश्न काढला.

"ही रेघ किती लांब आहे?"

"दोन मीटर."

"आणि किती हवी?"

त्याच्या कानशिलापर्यंत लाली चढली. ती उन्हाची नव्हती.

"सिस्टर बोलल्या वाटतं."

"बोलल्या. मार्चपासून माहीत असून मला लांब का बसवलं?"

"तुम्ही दोन मीटर म्हणालात. मी दोन फुटांवर रेघ मारली असती, तर तुम्ही बसलाच नसता." त्याने ब्रश उचलला, पुन्हा ठेवला. "आणि..."

"आणि?"

"तुम्ही दोन फुटांवर बसलात तर माझी शिवण वाकडी जाईल, कासेरा."

लोखंडाच्या जोडालाही तो शिवणच म्हणायचा. योवाना हसली. ते हसू ताडपत्रीखालून रस्त्यावर गेलं. समोरच्या दुकानदाराने मान वर केली.

रेघ तुमची, असं एलिसेओने सांगितलं. सरकवायची की नाही, कधी, किती, ते तुम्ही ठरवा. मी नुसता रंग देणार. जुलैत तिने ती अर्धा मीटर आत घ्यायला सांगितली. ऑगस्टमध्ये आणखी अर्धा. जुन्या रेघा त्याने पुसल्या नाहीत. फुटपाथवर पट्टे पडले, शाळेतल्या खेळासारखे. ती इस्पितळातल्या बैठकीला दोनदा जाऊन आली. तिथल्या एका म्हाताऱ्या बसचालकाने सांगितलं, तो तीन वर्षं आंघोळीला दार उघडं ठेवून जायचा. सगळे हसले, आणि सगळ्यांना माहीत होतं की का.

सप्टेंबरच्या सुरुवातीला पीचची झाडं पानांच्या आधी फुलली. एलिसेओच्या बहिणीचं, निएवेसचं लग्न ठरलं. त्याने योवानाला आणि दोन्या सेवेरिनाला आमंत्रण दिलं, आणि मग कानशीकडे बघत विचारलं की तिथे एक क्वेका त्याच्याशी नाचेल का.

"नाही," योवाना म्हणाली. इतकं पटकन, की तिचं तिलाच वाईट वाटलं. मग तिने कारण सांगितलं. आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. डॉक्टरांना नाही, आईला नाही. "माझी पहिली झालीय, एलिसेओ. तेव्हा मी जमिनीवर पडले होते आणि लोक ओरडत होते, पहिलीला दुसरी हवीच. तेव्हापासून मी दुसरीची वाट बघतेय. नाचायला उभी राहिले की ती येणार."

एखादा माणूस म्हणाला असता, काही होणार नाही. तिने ते वाक्य ऐकायची तयारीही केली होती.

"येईल कदाचित," एलिसेओ म्हणाला. "मी काय सांगणार. उद्या माझंही हृदय अडखळेल. पण माझ्याशी नाचलात म्हणून ती येणार नाही. आणि नाचला नाहीत म्हणून टळणारही नाही." मग म्हणाला, "मी पुन्हा विचारणार नाही. नाराज म्हणून नाही. रेघ तुमची, म्हणून."

लग्न दुपारचं होतं. अंगणात टेबलं, चिचाचे घडे, एका कोपऱ्यात अकॉर्डियन आणि गिटार. योवानाने स्वतः शिवलेली जांभळी पोयेरा नेसली होती. दोन्या सेवेरिना तिच्या शेजारी बसली होती, आणि दर थोड्या वेळाने लेकीच्या चेहऱ्याचा रंग पाहून घेत होती.

एलिसेओने शब्द पाळला. तो आला, जेवलात का म्हणून विचारलं आणि पुरुषांच्या बाकावर जाऊन बसला. वादकांनी क्वेका सुरू केली, थांबवली, दुसरी सुरू केली. त्याने कोणालाच उठवलं नाही. रुमाल त्याच्या गुडघ्यावर घडी घालून ठेवलेला होता. त्याची कड योवानाने दुमडलेली होती, हे तिला लांबूनही ओळखू आलं.

तो रुमाल तिला बघवेना. ती उठली. अंगण ओलांडून त्याच्यासमोर उभी राहिली.

"ऊठ," ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं. आजवर ती त्याला कधी अशी एकेरीत बोलली नव्हती.

पहिली फेरी तिला पुढे फारशी आठवली नाही. रुमालाची फडफड आठवली, टाचांखालची माती आठवली. आणि त्याची नजर, जी तिच्या छातीकडे एकदाही गेली नाही. तो जवळ यायचा, हातभरावर थांबायचा, वळायचा. हातभर... ती मनात हसली. दोन फूट.

पहिली संपली. वादक थांबले.

आणि कोणीच ओरडलं नाही.

सगळ्या पुनाताला ठाऊक होतं. लूर्देसच्या लग्नातली अर्धी माणसं इथे होती. टाळ्या वाजवणारे हात मांडीवर पडले. अकॉर्डियनवाल्याने योवानाकडे पाहून नजर खाली घातली. अंगणभर तीच शांतता पसरली, जी दोन वर्षं तिच्या घरात होती. जपून ठेवलेल्या भांड्यांची शांतता. तिच्या छातीत हृदय दणदण करत होतं, आणि एवढ्या माणसांत फक्त त्याचाच आवाज येत होता.

तिला कळलं, की ही माणसंही तिच्यासारखीच दुसरीची वाट बघतायत.

"पहिलीला..." तिने म्हणायला सुरुवात केली. आवाज वादकांपर्यंत पोचला नाही. तिने आईकडे पाहिलं.

दोन्या सेवेरिना उभी राहिली. एक हात तोंडावर होता. तो तिने खाली घेतला. आणि मग तिने हाक दिली, चौकापर्यंत जाणारी, जुनी, चिचा विकायची हाक.

"पहिलीला दुसरी हवीच!"

कोपऱ्यातला कुत्रा दचकून उठला. कोणीतरी हसलं. मग सगळं अंगण तेच ओरडलं आणि अकॉर्डियनने श्वास घेतला.

दुसरी फेरी निम्मी झाली असेल. वळताना योवानाला छातीत लाथ बसली. की बसली नाही? तिचा पाय अडला. रुमाल हातात होता, पायाखाली जमीन होती, ती उभी होती. एलिसेओ समोर येऊन थांबला, हातभरावर. धरायला धावला नाही.

"वाळू?" त्याने हळूच विचारलं.

तिने एक श्वास घेतला. दुसरा घेतला. हृदय धावत होतं, पण तालात.

"वाळू," ती म्हणाली आणि रुमाल वर केला.

त्यांनी दुसरी पुरी केली. टेबलाकडे परतल्यावर दोन्या सेवेरिनाने लेकीला खच्चून दम दिला, की घाम पूस, वारं लागेल, आणि त्या वेल्डरला सांग एवढं नाचवायचं होतं तर आधी नीट खाऊ तरी घालायचं. दोन वर्षांतला तो पहिला दम. योवानाने तो शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग लूर्देसच्या मांडीवरची मुलगी उचलून घेतली आणि खांद्याशी धरली. डाव्या.

सोमवारी साडेअकराला ती रस्त्याच्या कोपऱ्यावर आली, तर घरघर चालूच होती. सात महिन्यांत पहिल्यांदा एलिसेओ वेळ विसरला होता. मोठं फाटक होतं. मुखवटा घालून तो त्यावर वाकला होता. त्याच्या जवळच एक नवी, ओली पिवळी रेघ होती. लग्नाच्या सकाळी जाता जाता तिने सांगितलं होतं, तेवढ्यावर. दोन फूट.

योवाना रेघेशी येऊन उभी राहिली. दोन मीटरची रेघ मागे पडली, दीडची, एकची. तिने एक हाक मारली. दुसरी मारली. तिसरी मारायची नाही असं ठरवून पिशवीत हात घातला. पीचचे दिवस नव्हते. धाग्याचं रीळ होतं.

रीळ मुखवट्यावर टणकन वाजलं. निळा लोळ विझला. एलिसेओने मुखवटा वर केला. कपाळावर घाम, भुवया अर्ध्याच.

"उशीर झाला," तो ओशाळून म्हणाला. मग तिच्या पायांकडे आणि रेघेकडे त्याची नजर गेली. "ही... पुसून टाकू का आता?"

"नको. दोन फूट खरंच लागतात. चालू असताना."

"आणि बंद असताना?"

तिने पिशवी स्टुलावर ठेवली.

"यंत्र बंद कर," योवाना म्हणाली. "मला यायचंय."